साइट पुन्हा उभी राहायला हवी : ईझीइंजिनच्या चौथ्या आवृत्तीतल्या सोयी कशा वापराव्यात

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम, पिरंगुट हा पट्टा सुरू होतो. मंगल कार्यालयं, लॉन्स, शाळा, गृहसंकुलं, पिरंगुटच्या बाजूला कारखाने, आणि हाच रस्ता पुढे ताम्हिणी घाटाकडे जात असल्याने वाटेवर पावसाळी पर्यटनावर चालणारी हॉटेलं. यांतल्या कितीतरी जणांना स्वतःची वेबसाइट लागते. ती बहुधा वर्डप्रेसवर असते, मुंबई किंवा बंगळुरूच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर चालते आणि तो सर्व्हर सांभाळणारा माणूस अनेकदा एकटाच असतो. एकाच मशीनवर दहा-बारा गिऱ्हाइकांच्या साइट, सगळ्यांचे पासवर्ड त्याच्याकडे आणि कुठली फाईल कधी का बदलली याचा हिशोब फक्त त्याच्या डोक्यात. हा लेख त्या माणसासाठी आहे.

सर्व्हरची मांडणी हाताने न करता साधनाकडून करून घ्यायची, म्हणजे ती केव्हाही तशीच्या तशी पुन्हा करता येते, हा विचार जुना आहे. मार्क बर्जेस यांनी नॉर्वेत सीएफइंजिन लिहिलं ते १९९३मध्ये. पुढे पपेट, शेफ, सॉल्ट आणि अ‍ॅन्सिबल आली. पण ही साधनं शेकडो मशीन सांभाळणाऱ्यांसाठी घडली आहेत. एका सर्व्हरवर बारा वर्डप्रेस साइट चालवणाऱ्याची गरज निराळी असते, आणि त्या गरजेचं उत्तर आपल्या पुण्यातूनच आलं आहे. राहुल बन्सल यांनी २००९मध्ये पुण्यात सुरू केलेली आरटीकॅम्प ही कंपनी वर्डप्रेसचं काम करते. तिने आपल्या कामासाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट सगळ्यांसाठी खुल्या केल्या आणि त्यांचं ईझीइंजिन झालं. हे साधन फुकट आहे, त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा.

ईझीइंजिन आधी बॅश स्क्रिप्टच्या रूपात होतं. तिसरी आवृत्ती पायथनमध्ये नव्याने लिहिली गेली. २०१८मध्ये आलेली चौथी आवृत्ती पुन्हा मुळापासून लिहिलेली आहे : पीएचपीत, डब्ल्यूपी-सीएलआयच्या पायावर आणि डॉकरच्या साहाय्याने. तिसरी वापरून हात बसलेल्या अनेकांनी चौथीकडे पाठ फिरवली. डॉकर म्हणजे उगाच वाढवलेला गुंता, असं त्यांना वाटलं. ज्यांना डॉकर नकोच आहे त्यांना वाट आहे : तिसऱ्या आवृत्तीपासून फुटून निघालेलं वर्डऑप्स हे साधन २०१९पासून स्वतंत्रपणे चालू आहे. माझं मत मात्र चौथीच्या बाजूने आहे. साइट झटपट उभी करणं तिसरीलाही येत होतं. चौथीने जे दिलं ते साइटची जुळी प्रत काढणं, ती दुसऱ्या सर्व्हरवर नेणं आणि मोडली तर परत उभी करणं. रात्री अकरा वाजता कार्यालयाच्या मालकाचा फोन येतो तेव्हा याच सोयी कामाला येतात.

एक सूचना आधीच देतो. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत द्यायच्या. ‘ईई’ म्हणजे ईझीइंजिनची मूळ आज्ञा, आणि तिच्यापुढे ‘हेल्प’ लिहून कुठल्याही उपआज्ञेचं नाव दिलं की तिचे सगळे पर्याय समोर येतात. आवृत्तीगणिक पर्याय थोडे बदलतात, म्हणून नवी आज्ञा चालवण्याआधी तिचं ‘हेल्प’ वाचायची सवय लावून घ्या.

आतली रचना आधी समजून घ्या

तिसऱ्या आवृत्तीत एंजिनएक्स आणि पीएचपी सगळ्या साइटना सामायिक असे. मशीनवरच्या पीएचपीला हात लावला की बाराच्या बारा साइटवर परिणाम. चौथ्या आवृत्तीत प्रत्येक साइटचं एंजिनएक्स वेगळं, पीएचपी वेगळं, आणि दोन्ही आपापल्या डॉकर कंटेनरमध्ये. दारात एक सामायिक प्रॉक्सी उभा असतो. बाहेरून आलेली विनंती कुठल्या साइटची आहे ते पाहून तो ती योग्य कंटेनरकडे पाठवतो. मारियाडीबीचा डेटाबेस आणि रेडिस हे मात्र सगळ्यांना सामायिक राहतात. हवं तर एखाद्या साइटला ‘विथ लोकल रेडिस’ हा पर्याय देऊन स्वतःचं रेडिस देता येतं.

याचा रोजच्या कामातला फायदा मोठा आहे. शाळेची साइट जुन्या थीमवर अडकलेली असेल आणि कारखान्याची साइट नव्या पीएचपीवर न्यायची असेल, तर दोघींचं आता एकमेकींत अडत नाही. ‘ईई साइट अपडेट’ या आज्ञेला साइटचं नाव आणि हवी ती पीएचपी आवृत्ती दिली की तेवढीच साइट बदलते. पीएचपी ७.४ची सुरक्षा दुरुस्ती २८ नोव्हेंबर २०२२ला थांबली, ८.१ची ३१ डिसेंबर २०२५ला. ८.२ला ३१ डिसेंबर २०२६पर्यंत मुदत आहे. जुन्यावर थांबलेल्या साइटची यादी काढा. त्यांतल्या ज्या साइटवर फॉर्म आहे किंवा पैसे घेतले जातात त्या आधी हलवा.

या रचनेची किंमतही आहे. प्रत्येक साइटचे कंटेनर वेगळे, म्हणून मेमरी जास्त लागते. एक जीबीच्या मशीनवर तिसरी आवृत्ती सहज पाच-सहा साइट ओढत असे, तेवढ्यावर चौथीला ओढू नका. दोन जीबी आणि स्वॅप ही माझ्या मते सुरुवातीची मर्यादा आहे, आणि बारा साइट असतील तर चार जीबीच घ्यावेत. भाड्यातला फरक गिऱ्हाइकांमध्ये वाटला तर कुणाला जाणवतही नाही.

साइटच्या फाईली ‘ऑप्ट’ फोल्डरमधल्या ‘ईझीइंजिन’च्या आत ‘साइट्स’मध्ये, साइटच्या नावाने ठेवलेल्या असतात. एंजिनएक्सचे तुमचे स्वतःचे नियम त्या साइटच्या ‘कॉन्फिग’मधल्या ‘कस्टम’ फोल्डरातल्या ‘यूजर डॉट कॉन्फ’ या फाईलीत लिहा. साधनाने स्वतः तयार केलेल्या मुख्य फाईलीत लिहू नका, पुढच्या अपडेटला ते पुसलं जाऊ शकतं. लिहून झालं की ‘ईई साइट रीलोड’. आणखी एक : थीम किंवा प्लगइनच्या फाईली मशीनच्या रूट खात्यातून बदलू नका. तसं केलं की फाईलींची मालकी रूटकडे जाते, मग वर्डप्रेसला त्या अपडेट करता येत नाहीत आणि दोष शोधण्यात सकाळ जाते. ‘ईई शेल’ आणि साइटचं नाव दिलं की कंटेनरच्या आत, योग्य खात्यातून काम करता येतं. डब्ल्यूपी-सीएलआय तिथे तयारच असतं.

क्लोन : पहिली शिकायची गोष्ट

गिऱ्हाईक सांगतं, प्लगइन अपडेट करा. चालू साइटवर सरळ बटण दाबणं हा जुगार आहे. ‘ईई साइट क्लोन’ला चालू साइटचं नाव आणि नव्या चाचणी साइटचं नाव दिलं की फाईली आणि डेटाबेस दोन्हीची प्रत तयार होते. डेटाबेसमध्ये जिथे जिथे जुना पत्ता आहे तिथे नवा घालण्याचं कामही यातच होतं. हे हाताने करणाऱ्यांना त्यातला धोका माहीत असेल. वर्डप्रेस काही माहिती अक्षरसंख्येसकट साठवतं, साधं शोधा-आणि-बदला केलं की ती संख्या चुकते आणि विजेट, मेन्यू, थीमची मांडणी गायब होते. डब्ल्यूपी-सीएलआयची पत्ता बदलण्याची पद्धत हा हिशोब सांभाळून बदल करते.

क्लोन झाल्या झाल्या, दुसरं काहीही करण्याआधी, त्या प्रतीवर ‘ईई मेलहॉग एनेबल’ ही आज्ञा चालवा. मेलहॉग बाहेर जाणारी पत्रं अडवून एका पडद्यावर दाखवतं, पाठवत नाही. चाचणी साइटमध्ये खऱ्या गिऱ्हाइकांचे खरे ईमेल पत्ते असतात. तिथे तुम्ही बुकिंगचा फॉर्म तपासलात आणि एखाद्या कुटुंबाला ‘आपलं आरक्षण रद्द झालं आहे’ असं पत्र गेलं, तर लग्नघरात काय होईल याची कल्पना करा. नंतर चाचणी साइटला ‘ईई ऑथ क्रिएट’ने पासवर्ड लावा, म्हणजे गूगलला ती सापडणार नाही आणि लोकांची नावं-नंबर उघड्यावर राहणार नाहीत. या दोन गोष्टी इतक्या महत्त्वाच्या आहेत की क्लोन, मेलहॉग आणि पासवर्ड या तिन्ही आज्ञा एकाच छोट्या स्क्रिप्टमध्ये बांधून टाकाव्यात. विसरायला जागाच राहत नाही.

क्लोनच्याच घरातली दुसरी आज्ञा ‘ईई साइट सिंक’. आधीच अस्तित्वात असलेल्या दोन साइटमध्ये ती फाईली, डेटाबेस किंवा फक्त अपलोड केलेले फोटो यांचा मेळ घालते. इथे दिशा चुकली की नुकसान ठरलेलं. चाचणी साइट मंगळवारी क्लोन केली, गुरुवारी बदल पूर्ण झाले आणि तुम्ही डेटाबेससकट सगळं चालू साइटवर ढकललं, तर मंगळवार ते गुरुवार या काळात आलेली प्रत्येक चौकशी, प्रत्येक बुकिंग पुसलं जातं. म्हणून नियम असा धरा : कोड चाचणीकडून चालू साइटकडे जातो आणि डेटाबेस चालू साइटकडून चाचणीकडे येतो. उलट्या दिशेने डेटाबेस कधीच जाऊ द्यायचा नाही. सेटिंगमधले बदल करायचे असतील तर ते कागदावर लिहून चालू साइटवर हाताने करा. वेळ लागतो, पण गिऱ्हाइकाची माहिती सुरक्षित राहते.

दुसऱ्या सर्व्हरवर जाताना

क्लोन आणि सिंक या दोन्ही आज्ञा एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवरही चालतात. दुसऱ्या सर्व्हरचं खातं आणि पत्ता साइटच्या नावाआधी द्यायचा. दोन्हीकडे ईझीइंजिन बसवलेलं हवं आणि एसएसएचची चावी आधी पोचवलेली हवी. तिसऱ्या आवृत्तीवर अजून अडकलेल्यांनी त्याच मशीनवर चौथी चढवण्याच्या भानगडीत पडू नये असं मी सुचवेन. ते मशीन बहुधा जुन्या उबंटूवर असतं. उबंटू २०.०४चीसुद्धा नेहमीची मुदत २०२५च्या मे महिन्यात संपली, १६.०४ आणि १८.०४ तर कधीच मागे पडले. नवं मशीन घ्या, त्यावर नवा उबंटू आणि चौथी आवृत्ती बसवा आणि एकेक साइट तिकडे न्या. तिसरीवरून नेताना क्लोन चालणार नाही. चौथीवर त्याच नावाची रिकामी वर्डप्रेस साइट तयार करायची, फाईली आरसिंकने आणायच्या आणि डेटाबेस डब्ल्यूपी-सीएलआयने निर्यात करून इकडे आयात करायचा.

भूगावसारख्या ठिकाणाहून काम करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही मधेच जातात. मोठ्या साइटची नक्कल चालू असताना जोडणी तुटली की आज्ञाही मधेच थांबते आणि अर्धवट साइट हाती येते. म्हणून असं कुठलंही लांबलचक काम सर्व्हरवर ‘टीमक्स’ सुरू करून त्याच्या आत चालवा. तुमच्याकडची जोडणी गेली तरी काम तिकडे चालूच राहतं, वीज आली की पुन्हा जोडून घ्यायचं.

कधी हलवायचं, याचं उत्तर आपल्या पंचांगात आहे. मंगल कार्यालयाची साइट चातुर्मासात हलवावी. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं थांबतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की चौकश्यांचा ओघ लागतो. पण त्याच रस्त्यावरच्या ताम्हिणीकडच्या रिसॉर्टचा हंगाम नेमका पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर त्याच्या साइटला हात लावणं म्हणजे त्याच्या वर्षाच्या कमाईला हात लावणं. शाळेला प्रवेशाचे महिने टाळायचे, मिठाईच्या दुकानाला दिवाळी. दहा साइट असलेल्या मशीनला असा एकही आठवडा सापडत नाही जो सगळ्यांना सोयीचा आहे. एकेक साइट स्वतंत्रपणे हलवता येणं ही सोय म्हणूनच मोलाची. जुना सर्व्हर पाच-सहा महिने जास्त ठेवावा लागला तरी चालेल, प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या मंद काळात हलवा.

हलवण्याच्या एक-दोन दिवस आधी डीएनएसमधला टीटीएल ३०० सेकंदांवर आणा. नव्या सर्व्हरवरची साइट आधी स्वतःच्या लॅपटॉपवरच्या ‘होस्ट्स’ फाईलीत नोंद करून पाहा. बाकी जगाला जुनीच दिसत राहते, तुम्हाला नवी. प्रत्यक्ष बदलाच्या वेळी जुनी साइट तासाभरासाठी देखभालीच्या पडद्यामागे ठेवा, डेटाबेस शेवटचा एकदा आणा आणि मग डीएनएस फिरवा.

प्रमाणपत्रं आणि कॅश

‘ईई साइट क्रिएट’ करताना एसएसएलसाठी लेट्स एन्क्रिप्टचा पर्याय दिला की प्रमाणपत्र आपोआप मिळतं. त्याची मुदत ९० दिवसांची. पण साधी पडताळणी डोमेन नव्या सर्व्हरकडे वळल्याशिवाय होत नाही, आणि वळल्यावर प्रमाणपत्र येईपर्यंत लोकांना धोक्याची सूचना दिसते. यावर उपाय वाइल्डकार्ड प्रमाणपत्राचा. डोमेनचं डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर त्याची एपीआय चावी ‘ईई कॉन्फिग सेट’ने नोंदवा. मग पडताळणी डीएनएसमधून होते आणि साइट वळवण्याआधीच प्रमाणपत्र हातात असतं. चाचण्या करताना एकाच डोमेनसाठी पुन्हा पुन्हा प्रमाणपत्र मागू नका. त्याच नावांच्या संचासाठी आठवड्यात पाचच मिळतात, सहाव्यांदा नकार येतो आणि तो नेमका खऱ्या बदलाच्या दिवशी येतो.

नूतनीकरणावर स्वतः लक्ष ठेवणं आता भाग आहे. मुदत संपत आल्याचं पत्र लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी पाठवत असे, ४ जून २०२५पासून ते थांबलं. सगळ्याच प्रमाणपत्रांची कमाल मुदतही कमी होत चालली आहे : १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, २०२७च्या मार्चपासून १०० आणि २०२९च्या मार्चपासून ४७. हाताने प्रमाणपत्र बदलणाऱ्यांचं काम त्यामुळे अशक्यच होत जाणार. बाहेरून रोज प्रमाणपत्राची तारीख पाहणारी एखादी मुक्त सेवा किंवा दहा ओळींची स्क्रिप्ट लावा आणि वीस दिवसांहून कमी उरले की फोनवर निरोप येईल असं करा.

कॅशच्या बाबतीत चौथी आवृत्ती सुटसुटीत झाली. तिसरीत तीन-चार प्रकार होते आणि कुठला निवडावा यावर लोक घोटाळत. चौथीत साइट तयार करताना ‘कॅश’ हा एकच पर्याय द्यायचा, मग रेडिसच्या आधाराने पूर्ण पान साठवलं जातं. लेख किंवा पान बदललं की आरटीकॅम्पचंच एंजिनएक्स हेल्पर हे प्लगइन साठवलेली प्रत पुसतं. साध्या माहितीच्या साइटला हे उत्तम. पण फॉर्म असलेल्या पानावर एक अडचण लपलेली असते. वर्डप्रेस फॉर्ममध्ये एक गुप्त खूण ठेवतं, तिचं आयुष्य जास्तीत जास्त २४ तास. पान त्याहून जास्त काळ कॅशमध्ये राहिलं, तर पाहुण्याला फॉर्म दिसतो, तो भरतो, पाठवतो आणि साइट तो नाकारते. तुम्ही वर्डप्रेसमध्ये लॉगिन केलेले असता, तुम्हाला कॅशचं पान दिसतच नाही, म्हणून तुमच्याकडे सगळं नीट चालतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘हल्ली चौकश्याच येत नाहीत.’ चौकशीचं आणि बुकिंगचं पान कॅशमधून वगळा, आणि तपासताना नेहमी लॉगिन न केलेल्या खिडकीतून, शक्यतो मोबाइलच्या नेटवरून तपासा.

बॅकअप कुणाच्या खात्यात?

चौथ्या आवृत्तीत उशिरा आलेली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची सोय ही. ‘ईई साइट बॅकअप’ फाईली आणि डेटाबेस एकत्र बांधतं आणि आरक्लोन या मुक्त साधनातून बाहेरच्या साठवणीत पाठवतं. गूगल ड्राइव्हपासून एस-थ्रीपर्यंत बहुतेक साठवण्या आरक्लोनला कळतात. परत आणायला ‘ईई साइट रिस्टोअर’.

सर्व्हर देणाऱ्या कंपनीचा स्नॅपशॉट आहे ना, मग हे कशाला, असं अनेक जण म्हणतात. स्नॅपशॉट जरूर घ्या, पण तो त्याच खात्यात असतो. खातं बंद पडलं तर सर्व्हर आणि स्नॅपशॉट एकदमच हाताबाहेर जातात. आपल्याकडे हे घडण्याचं अगदी साधं कारण आहे. वारंवार होणाऱ्या कार्ड-कपातीबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून लागू झाले, आणि परदेशी क्लाउड कंपन्यांची दरमहा आपोआप होणारी कपात अनेकांची थांबली. बिल थकतं, इशाऱ्याची पत्रं जाहिरातींच्या ढिगात हरवतात आणि एके दिवशी मशीन बंद. म्हणून बॅकअपची साठवण दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या ईमेलवर, जमल्यास दुसऱ्या कार्डावर ठेवा. बिलाची तारीख फोनच्या कॅलेंडरात हवीच.

आता खरी कसोटी. बॅकअप घेतला आहे एवढं पुरत नाही, तो उतरवून पाहिलेला हवा. तिमाहीत एकदा तासाच्या भाड्याचं एक मशीन घ्या, कोरं. त्यावर ईझीइंजिन बसवा आणि सगळ्यांत मोठी साइट बॅकअपमधून उभी करा. जुन्या सर्व्हरकडे या काळात बघायचंही नाही, कारण खऱ्या प्रसंगी तो नसणारच आहे. घड्याळ लावा. मग लक्षात येतं की आरक्लोनची चावी फक्त जुन्याच सर्व्हरवर होती, किंवा क्लाउडफ्लेअरचा पासवर्ड गिऱ्हाइकाच्या जुन्या नोकराच्या फोनवर जातो, किंवा ‘यूजर डॉट कॉन्फ’मधला एक नियम कुठेच लिहून ठेवलेला नाही. या त्रुटी शांत दुपारी सापडल्या तर त्यांची किंमत काही रुपये असते. उभी राहिलेली साइट नीट पाहा, लागलेला वेळ लिहून ठेवा आणि मशीन नष्ट करा. गिऱ्हाइकाला ‘साइट पडली तर दोन तासांत परत येईल’ असं सांगायचं असेल तर तो आकडा या सरावातून आलेला हवा.

आपोआप बॅकअपसाठी सर्व्हरच्या नेहमीच्या क्रॉनमध्ये आज्ञा लावा. ईझीइंजिनची स्वतःची ‘ईई क्रॉन’ ही सोय साइटच्या आतल्या कामांसाठी आहे. वर्डप्रेसची वेळापत्रकं एरवी कुणी साइट पाहायला आलं तरच चालतात. कॅश लावलेल्या, कमी वर्दळीच्या साइटवर ती तासन्‌तास रखडतात. ‘ईई क्रॉन क्रिएट’ने दर दहा मिनिटांनी ती चालवण्याची व्यवस्था केली की ठरलेल्या वेळी प्रसिद्ध व्हायचा मजकूर ठरलेल्या वेळी प्रसिद्ध होतो.

ईझीइंजिन जे करत नाही

साइटच्या खालचं मशीन तुमचंच आहे. कोणाला आत येता येतं, कुठल्या चाव्या चालतात, स्वॅप किती, घड्याळ बरोबर आहे का, हे ईझीइंजिन ठरवत नाही. इथे एक गैरसमज सर्रास आढळतो. उबंटूवर यूएफडब्ल्यू लावलं म्हणजे सगळी दारं बंद झाली असं वाटतं, पण डॉकरने बाहेर उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात. ईझीइंजिन स्वतः वेबचे ८० आणि ४४३ हेच पोर्ट जगासाठी उघडतं, त्यामुळे तेवढ्यापुरतं ठीक आहे. पण त्याच मशीनवर तुम्ही आणखी एखादा कंटेनर पोर्ट उघडून चालवलात तर तो यूएफडब्ल्यूला न जुमानता सगळ्या जगाला दिसेल. सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमधला बाहेरचा फायरवॉल वापरा, तो डॉकरच्या आधी उभा असतो. डिस्क भरली म्हणून डॉकरची साफसफाई करताना ‘व्हॉल्यूम’ हा शब्द असलेल्या आज्ञेला हात लावू नका, जुन्या इमेज काढणं पुरेसं असतं.

दोनहून जास्त सर्व्हर झाले की हा खालचा थर अ‍ॅन्सिबलमध्ये लिहून काढा. मायकेल डीहान यांनी २०१२मध्ये आणलेलं आणि २०१५मध्ये रेड हॅटने घेतलेलं हे साधन समोरच्या मशीनवर काही न बसवता एसएसएचवरून काम करतं. मराठीत किंवा इंग्रजीत इंटरनेटवर सापडणारी जुनी उदाहरणं उतरवताना सांभाळा. २०२५च्या जुलैमध्ये आलेल्या अ‍ॅन्सिबल-कोअर २.१९ने अटींबद्दल कडक धोरण घेतलं आहे. पूर्वी अटीच्या जागी नुसतं नाव किंवा मजकूर लिहिला तरी तो रिकामा नाही म्हणून ‘खरं’ धरला जाई. आता अटीचं उत्तर स्पष्ट खरं किंवा खोटं असंच यावं लागतं, नाहीतर काम तिथेच थांबतं. हा बदल त्रासाचा वाटला तरी चांगला आहे. चुकीची अट गुपचूप ‘खरी’ ठरून भलत्याच मशीनवर बदल होण्यापेक्षा थांबलेलं बरं. तात्पुरती जुनी वागणूक चालू ठेवण्याची सेटिंग आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका, अटी दुरुस्त करा.

लॉगचा विषय कंटाळवाणा, पण कायद्याचा आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशानुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आणि सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत द्यायची. घड्याळं एनटीपीशी जुळलेली हवीत हेही त्यातच आहे. एंजिनएक्सचे लॉग साइटच्या फोल्डरात असतात आणि जुने होत गेले की गळतात. त्यांची प्रत दर आठवड्याला बॅकअपच्याच साठवणीत, वेगळ्या फोल्डरात पाठवा.

साइटवरून जाणारी पत्रं हा आणखी एक कोपरा. नव्या सर्व्हरवर आल्यावर ‘पत्रं जात नाहीत’ ही तक्रार हमखास येते, कारण बऱ्याच क्लाउड कंपन्या २५ क्रमांकाचा पोर्ट बंदच ठेवतात. तो उघडून घेण्याच्या मागे लागू नका. पत्रं पाठवणारी एखादी एसएमटीपी सेवा घ्या आणि डोमेनमध्ये एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी करा. लग्नाची पावती स्पॅममध्ये गेली की कार्यालयाच्या मालकाला तुमच्या बाकीच्या कष्टांचं काही वाटत नाही.

सगळ्या साइट नव्या सर्व्हरवर गेल्या की जुना लगेच मोडू नका. दोन आठवडे त्याचे लॉग पाहत राहा. कुणीतरी कुठेतरी जुना आयपी पत्ता थेट लिहून ठेवलेला असतो : एखादा जुना मोबाइल अ‍ॅप, कारखान्याच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरची जोडणी, पेमेंट कंपनीच्या पॅनेलमधली नोंद. विनंत्या यायच्या पूर्ण थांबल्या की त्यावरची आरक्लोनची आणि क्लाउडफ्लेअरची चावी त्या त्या सेवेच्या पॅनेलमधून रद्द करा, नव्या सर्व्हरवर त्याची एसएसएच चावी राहिली असेल तर ती काढा, शेवटचा एक बॅकअप वेगळा ठेवा आणि मगच ते मशीन बंद करून त्याचं बिल थांबवा.